घरात बारावी आहे: जूनपासून प्रवेशापर्यंत आई-बापांनी करायची कामं

आमच्याकडे "घरात बारावी आहे" हे घरात कोणी आजारी असल्यासारखं सांगतात. आवाज जरा खाली येतो, समोरचा मान हलवतो, टीव्हीवर फडकं पडतं आणि लग्नाला आई एकटीच जाऊन येते. मालवण तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयात मी २२ वर्षं जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे दरवर्षी शंभरेक बारावीवाले पाहिले. पण थोरलीची बारावी माझ्या घरात आली तेव्हा मीही वर्गातल्या पालकांच्या सगळ्या चुका केल्या, शिवाय मास्तरीणबाईंच्या दोन-चार जास्तीच्या. धाकट्याच्या वेळी शहाणी झाले. खाली लिहिलंय ते या दोन वर्षांतून आणि वर्गातल्या अनुभवातून आलेलं आहे.

अभ्यास मुलांनी करायचा असतो, आणि आपण नेमका तिथेच हात घालायला जातो. वीज, एसटी, पाहुणे, दाखले, रेल्वेची तिकिटं, मुंबईहून फोनवर चौकशी करणारे काका ही खाती खरं तर आपली. ती मात्र बिनदिक्कत मुलांच्या अंगावर सोडून देतो. या लेखात अभ्यास कसा करावा यावर फार काही नाही, कारण ते काम तुमचं नाही.

जून: एक संध्याकाळ बसून ठरवा

रत्नागिरीत कोकण विभागीय मंडळ सुरू झालं २०१२ मध्ये. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे त्यात येतात आणि बारावीच्या निकालात कोकण वरच असतं. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९१.८८ टक्के लागला, कोकणाचा ९६.७४. म्हणजे नापास होण्याची धास्ती आपल्याकडे वाटते तेवढी खरी नाही. घोळ पुढे होतो. बोर्डात ८५ टक्के पडणार म्हणून निवांत असलेलं मूल सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या, पर्सेंटाइलवर येऊन आपटतं, कारण तिथे त्याची गाठ लातूर, पुणे, मुंबईच्या मुलांशी असते.

म्हणून जूनमध्ये, पाऊस सुरू झाला आणि बाहेरची कामं थांबली की, जेवणं उरकल्यावर एक संध्याकाळ मुलाबरोबर बसा. प्रश्न एकच ठेवा: या वर्षी नेमक्या कुठल्या परीक्षा द्यायच्या? "बघू, सगळ्याच भरून ठेवू" हे उत्तर सर्वांत महाग पडतं. पैशांनी कमी, डोक्याला जास्त.

बोर्डाची परीक्षा तर आहेच. विज्ञान शाखेत भौतिक, रसायन, जीव या विषयांना ७० गुणांचा लेखी पेपर आणि ३० गुणांचं प्रात्यक्षिक. गणिताला ८० आणि २०. भाषांनाही ८० आणि २०. उत्तीर्ण व्हायला ३५.

एमएचटी-सीईटी ही अभियांत्रिकी, फार्मसी, कृषी यांची वाट. संगणकावरची परीक्षा, २०० गुणांची, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अभ्यासक्रम साधारण ८० टक्के बारावीचा आणि २० टक्के अकरावीचा. अकरावी "मधलं वर्ष" म्हणून वाऱ्यावर सोडलेली असेल तर ते २० टक्के इथे आडवे येतात.

नीट ही वैद्यकीयची. ती अजून कागद-पेनवर होते, १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला ४ मिळतात, चुकीच्याला १ जातो, आणि अकरावी-बारावी दोन्हीचं वजन सारखंच. जेईई मेन ही एनआयटीसारख्या केंद्राच्या अभियांत्रिकी संस्थांची, जानेवारीत आणि एप्रिलमध्ये अशी दोनदा होते. एनआयटीत जायचं तर सर्वसाधारणपणे बारावीला ७५ टक्के लागतात, हे फॉर्म भरणाऱ्या अर्ध्या घरांना माहीत नसतं.

वाणिज्य आणि कलावाल्यांनो, "आम्हाला काय सीईटी नाही" असं म्हणू नका. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला सीईटी आहेच, आणि २०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएसच्या बऱ्याच कॉलेजांनाही आहे. सीए फाउंडेशन बारावीनंतर लगेच देता येते, पण नोंदणी आधीच करून ठेवावी लागते.

माझं मत: बोर्ड सोडून एक परीक्षा मनापासून, दुसरी जोडीला. तिसरीचा फॉर्म भरायचा असेल तर तो तुमच्या हौसेसाठी आहे हे निदान स्वतःशी कबूल करा.

त्याच बैठकीत जवळच्या जागाही कागदावर घ्या. मुलांना मुंबई-पुण्याची नावं पाठ असतात, आणि दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, हे कोणी सांगितलेलंच नसतं. दोन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत: सिंधुदुर्गात २०२१ पासून, रत्नागिरीत २०२३ पासून. माझ्या वर्गातला एक मुलगा, रापणीवर जाणाऱ्या घरातला, मासळीची नावं आणि हंगाम त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मत्स्यशास्त्राची पदवी असते हे त्याला बारावीच्या जानेवारीत कळलं. तोवर त्याने अभियांत्रिकीसाठी गणित घेऊन दीड वर्ष डोकं आपटलं होतं.

क्लासचा प्रश्नही याच दिवशी मिटवा. कोल्हापूरला किंवा मुंबईला मामाकडे ठेवून क्लास लावायचा, आणि इथे कॉलेजात फक्त नाव, हा प्रकार आता आपल्याकडेही आला आहे. काही मुलांना तो मानवतो. पण जे मूल आजवर आईच्या हातची पेज खाऊन शाळेत गेलं, त्याला एकदम कॉटबेसिसवर टाकल्यावर पहिले तीन महिने अभ्यास न होता नुसती घराची आठवण होते, हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे. पाठवायचं तर अकरावीच्या सुरुवातीला पाठवावं. बारावीच्या जूनमध्ये नव्हे. तालुक्याच्या गावात क्लास असेल तर आधी एसटीचे तास मोजा. येऊन-जाऊन तीन तास जात असतील तर तो दोन तासांचा क्लास पाच तासांना पडतो.

जुलै: कागद

या भागावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे. मार्कांपायी प्रवेश हुकलेली मुलं मी पाहिली, पण कागदांपायी हुकलेली पाहताना जास्त त्रास झाला.

यादी कुठेही मिळेल: जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन क्रिमिलेअर (मागासवर्गातलं घर उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला), अधिवास, उत्पन्नाचा दाखला, आर्थिक दुर्बल घटकात बसत असाल तर तो दाखला, दहावीची गुणपत्रिका, आधार. कृषीला जायचं तर सातबाराही काढून ठेवा. बरेचसे दाखले आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून निघतात. निकालानंतर सगळा तालुका एकाच वेळी तहसील कार्यालयात उभा असतो. जुलैमध्ये लावणीची धांदल असते म्हणून तिथे गर्दी कमी. एक दिवस गडी जास्त लावा आणि जाऊन या.

वेळ लागतो तो जात वैधतेला. विज्ञानाच्या मुलांचे प्रस्ताव कॉलेजमार्फत जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे जातात. पुरावा जुना लागतो. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. म्हणजे आजोबांचा, कधी पणजोबांचा शाळेचा दाखला, किंवा जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा.

इथे आपल्याकडची खास अडचण येते. आजोबा शाळेत गेले गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, मग मुंबईला गिरणीत. मुंबईत आडनाव लागलं किंवा बदललं. शाळेच्या जुन्या रजिस्टरात नाव आहे, बापाचं नाव आहे, आडनावाचा रकाना रिकामा. आमच्या घरचीच गोष्ट. सासऱ्यांच्या वडिलांची नोंद शोधायला आम्ही गावच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी कपाटातून कापडात बांधलेलं रजिस्टर काढलं. जांभळी शाई, कडांना कसर लागलेली, पान उलटताना खाली भुगा पडत होता. नोंद सापडली, जात लिहिलेली होती, पण आडनावाच्या जागी गावाचं नाव. ते आणि आम्ही एकच घर, हे दाखवायला मग वंशावळ, शपथपत्र, जुना सातबारा आणि चुलत सासऱ्यांच्या मुलाला आधी मिळालेली वैधता, एवढं जोडावं लागलं. भावकीत कोणाला वैधता मिळालेली असेल तर आधी त्याच्या दारात जा. तो कागद सर्वांत उपयोगाचा. बोलणं बंद असेल तर गणपतीपर्यंत थांबू नका, जुलैतच बोला.

आणखी दोन बारीक गोष्टी. नॉन क्रिमिलेअरवरची मुदत वाचा. यंदाच्या ३१ मार्चला संपणारा कागद जूनमधल्या प्रवेशाला चालत नाही. दुसरं, नावाचं स्पेलिंग. दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं आहे तसंच आधारवर, बँकेच्या पासबुकावर आणि सीईटीच्या फॉर्मवर हवं. एका अक्षराच्या फरकाने शिष्यवृत्ती अडकते.

पैशांचंही आत्ताच समजून घ्या. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. ही सवलत केंद्रीभूत प्रवेश फेरीतून मिळालेल्या जागेला असते, मॅनेजमेंट कोट्यातल्या नाही. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, बाहेर राहणाऱ्यांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. सगळे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर होतात आणि पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात, म्हणून मुलाच्या नावाचं खातं आधी उघडा. "मुलीला लांब पाठवायला परवडत नाही" हे वाक्य उच्चारण्याआधी एवढं तरी वाचा.

पावसाळा: वीज, नेट आणि गणपती

कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये दिवे गेले की कधी येतील ते कोणी सांगू शकत नाही. एक चार्जिंगचा बरा दिवा, जमलं तर इन्व्हर्टर. ऑनलाइन क्लास असेल तर व्हिडिओ आधी उतरवून ठेवायची सवय लावा. पाऊस लागला की टॉवर झोपतो आणि मुलाचा चरफडण्यात तास जातो. कॉलेजला जायला मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो, मुलांना ६६.६७ टक्के सवलत. पहिल्याच आठवड्यात काढून टाका.

जागा. वेगळी खोली नसली म्हणून काही बिघडत नाही. पडवीत एक टेबल, भिंतीकडे तोंड करून, आणि त्या टेबलावर दुसऱ्या कोणी काहीही ठेवायचं नाही. आमच्याकडे धाकट्याच्या टेबलावर सुपारी सोलून ठेवायचे. त्याने काही म्हटलं नाही, तो उठून माळ्यावर गेला आणि वर्षभर तिथेच बसला. पावसात कौलांवरचा आवाज एवढा की हाक ऐकू यायची नाही. त्याला तेच हवं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

गणपतीत घर भरतं. मुंबईचे चाकरमानी येतात, पंधरा माणसं ओटीवर झोपतात, रात्री भजन, पहाटे नैवेद्याची धावपळ. यात दोन टोकाचे मार्ग लोक काढतात: मुलाला मैत्रिणीच्या किंवा मावशीच्या घरी पाठवणं, नाही तर "देवाचं आहे, दहा दिवसांनी काय होतंय" म्हणून सोडून देणं. पहिलं करू नका. सतरा वर्षांचं मूल गणपतीत घराबाहेर काढलं तर तिथे ते अभ्यास करत नाही, आरतीचा आवाज ऐकत बसतं. आधी बसून ठरवा: गणपती आणणं, संध्याकाळची आरती, आणि विसर्जन यांत पूर्ण सहभाग. सकाळी सहा ते दहा मुलाची, आणि त्या वेळात त्याला पाणी भरायला, फुलं आणायला कोणी हाक मारायची नाही. हे पाहुण्यांना तुम्ही सांगायचं, त्याने नाही. मी आमच्या मोठ्या दिरांना गाडीतून उतरताना सांगितलं होतं. जरा तोंड वाकडं झालं, पण दुसऱ्या दिवशी तेच बाकीच्यांना गप्प करत होते.

विचारायचं काय आणि किती

थोरलीच्या वेळची गोष्ट. ऑक्टोबरच्या चाचणीत भौतिकशास्त्रात ७० पैकी ३१ पडले. तिने येऊन सांगितलं, रडली नाही, म्हणाली, "चूक कुठे झाली ते कळलंय मला." मी "बरं" म्हटलं आणि रात्री स्वयंपाकघरातून डोंबिवलीच्या भावाला फोनवर तेच सांगितलं. पडवी आणि स्वयंपाकघर यांत एक कुडाची भिंत. सकाळी भावाचे मेसेज आले: चार व्हिडिओ, एका क्लासचा पत्ता आणि त्याच्या मुलीला किती पडले होते ते. डिसेंबरात तांदूळ काढताना डब्याच्या मागे घडी घातलेला कागद सापडला. पुढच्या चाचणीचा पेपर, ७० पैकी ४४. वाढलेले मार्कसुद्धा तिने मला दाखवले नव्हते.

तेव्हापासून मी पालकांना सांगते की मुलाचे गुण ही त्याची गोष्ट आहे, त्याला न विचारता घराबाहेर जाऊ द्यायची नाही. नातेवाइकांना देण्यासाठी एक ठरलेलं उत्तर ठेवा: "चाललाय अभ्यास, तुमच्याकडे पाऊस कसा आहे?" कोकणात हे उत्तर कुठल्याही महिन्यात चालतं.

रोज "किती झालं?" विचारू नका. आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी, वीस मिनिटं बसा. काय अडलंय, कुठल्या सरांकडे जायला हवं, काय विकत आणायचंय, पुढच्या आठवड्यात घरात काय आहे, एवढंच. बाकीचे सहा दिवस तिच्याशी इतर बोला: माशांचे भाव, शेजारच्यांची म्हैस, काहीही. बारावीच्या मुलांशी घरात कोणी साधं बोलतच नाही, ही त्यांची खरी तक्रार असते.

मोबाइल काढून घेतला की दुसरा सापडतो. आमच्याकडे नियम सगळ्यांना होता, मला आणि नवऱ्यालाही: रात्री दहाला सगळे फोन फडताळावर. पहिले पंधरा दिवस सगळ्यांत जास्त कुरकुर नवऱ्याने केली.

झोप सात तास. सासूबाई म्हणायच्या, "चेडू रातभर जागता, डोळे जातले तेचे." मी हसायचे. पण रात्री दोनपर्यंत जागून सकाळी माझ्या तासाला डुलणारी मुलं मी २२ वर्षं पाहिली, तेव्हा सासूबाईंचंच बरोबर. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी नेहमीचं जेवण. "बुद्धीसाठी" म्हणून आणलेल्या पावडरींचे पैसे वाचवा.

देवाला गाऱ्हाणं जरूर घाला. फक्त "नव्वद टक्के पडू देत" असा आकडा मुलाच्या समोर घालू नका. सगळा वाडा "व्हय म्हाराजा" म्हणतो आणि तो आकडा त्या पोराच्या मानगुटीवर बसतो.

एक गोष्ट मात्र देवावर किंवा वयावर सोडायची नाही. दोन आठवडे जेवण तुटलंय, झोप नाही, मित्रांशी बोलणं बंद, "मी असून काय उपयोग" अशी वाक्यं येतायत, आवडत्या वस्तू वाटून टाकतोय, तर त्याच दिवशी समोर बसा आणि सरळ विचारा की जीव नकोसा वाटतो का. विचारल्याने ती कल्पना डोक्यात जात नाही. तसं काही निघालं तर एकटं सोडू नका, शेतातली फवारणीची औषधं कुलपात टाका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. फोन करून थांबू नका, डॉक्टरकडेही घेऊन जा. वर्ष गेलं तर गेलं.

दिवाळी ते जानेवारी: घड्याळ लावून

दिवाळीनंतर वाचन कमी आणि लिहिणं जास्त व्हायला हवं. इथे तुमचं एक छोटं काम आहे. रविवारी सकाळी ११ ते २ पूर्ण पेपर, बोर्डाच्या वेळेला. तुम्ही घड्याळ लावायचं, वेळ संपली की पेपर उचलायचा, बस. मध्ये चहा नेऊ नका, डोकावू नका. तपासायला सरांकडे द्या. माझ्या विषयात हुशार मुलांचे गुण जायचे ते बहुतेक शेवटच्या दहा गुणांचं लिहायला वेळ न उरल्याने. ज्ञान होतं, हात पोचला नाही.

प्रात्यक्षिकाचे ३० गुण लोक गृहीत धरतात. जर्नल पूर्ण आणि सही झालेली हवी. डिसेंबरात एकदा "जर्नल दाखव" म्हणा, हा एक प्रश्न मी माफ करते.

याच दिवसांत जत्रा आणि दशावतार सुरू होतात. एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशीचा पेपर मात्र लावू नका.

फेब्रुवारी-मार्च: परीक्षा आणि शिमगा

बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होते आणि मार्चमध्ये जाते. म्हणजे शिमगा बरोबर मध्ये. फागपंचमीपासून होळीपर्यंत ढोल, आणि पुढे पालखी घराघरात. वेळापत्रक हातात आलं की पंचांग शेजारी घेऊन बसा आणि कुठल्या पेपराच्या आदल्या रात्री काय आहे त्यावर खूण करा. गावच्या मानकऱ्यांना आधी भेटलं तर पालखी घरी येण्याची वेळ मागेपुढे करतात. आमच्या वाडीत त्या वर्षी तीन बारावीवाले होते आणि मानकऱ्यांनी आपणहून ढोल रात्री दहाला थांबवले. विचारलंच नाही तर कोणाला कळणार?

केंद्र दुसऱ्या गावात असेल तर आधी एकदा त्याच एसटीने, त्याच वेळी जाऊन या. सकाळचा पेपर ११ वाजता असतो, केंद्रावर साडेदहाच्या आत हवं. जी गाडी "साधारण साडेनऊला पोचते" तिच्यावर विसंबू नका, तिच्या आधीची पकडा. प्रवेशपत्राच्या दोन झेरॉक्स घरी ठेवा.

पेपर देऊन आल्यावर "कसा गेला?" एकदा. उत्तर काहीही आलं तरी "जेव" म्हणा. उत्तरं जुळवत बसू नका.

एप्रिल-मे: आंबा आणि सीईटी

इथे आपल्याकडची बरीच घरं चुकतात. बोर्ड संपलं की "आता मोकळा झाला" म्हणून पोराला बागेत आंबा काढायला, पेट्या भरायला लावतात. हंगाम वर्षाचा एकच, माणसं मिळत नाहीत, मला कळतं. पण सीईटी, नीट, जेईईचं दुसरं सत्र हे सगळं याच सहा आठवड्यांत असतं. संध्याकाळी दोन तास पेट्यांना कागद लावेल, त्याचं डोकंही मोकळं होईल. दिवसभराचा गडी म्हणून मोजू नका.

केंद्र लांब मिळालं तर जायचं कसं? एप्रिल-मेमध्ये कोकण रेल्वेला मुंगी शिरायला जागा नसते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि तुमचं केंद्र तेव्हा कळलेलं नसतं. म्हणून एसटी किंवा चार घरांनी मिळून एक गाडी, आणि आदल्या दिवशी मुक्काम. पहाटे घाट चढून थेट परीक्षेला बसवलेली मुलं पहिला तास गाडी लागल्यामुळे डोकं धरून बसतात.

सीईटीला एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, नीटला येत नसेल तो सोडायचा. आठवडाभराच्या अंतराने दोन्ही देणाऱ्या मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो. नीटला कपडे, चपला, दागिने यांचे नियम प्रवेशपत्रावर असतात, ते रात्रीच वाचा. कानातल्या कुड्या केंद्राच्या दारात निघत नाहीत, साबण लागतो.

निकाल आणि नंतर

२०२५ मध्ये निकाल ५ मे रोजी लागला. त्या दिवशी घरात फक्त घरची माणसं ठेवा. कमी पडले तर गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत, पुनर्मूल्यांकन हे मार्ग आहेत, मुदत थोडी असते. एखादा विषय राहिला तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा होते आणि वर्ष वाचवता येतं. अभियांत्रिकीला संबंधित विषयांत मिळून खुल्या गटाला ४५ आणि राखीवला ४० टक्के लागतात, नीटवाल्यांना ५० आणि ४०, ते गणित त्याच दिवशी मांडा.

प्रवेश फेरीचा पसंतीक्रम भरताना कॉलेजं कटऑफच्या उतरत्या क्रमाने लावू नका. जे सर्वांत जास्त हवं ते पहिलं. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं मिळालं की ते आपोआप पक्कं होतं, मग "दुसरं बघू" म्हणता येत नाही. यादी मुलाने करायची, तुम्ही वसतिगृह, खर्च आणि येण्याजाण्याचं बघून शेजारी शेरे लिहायचे. आणि शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. फेऱ्या चालतात त्या भर पावसाळ्यात. थोरलीच्या वेळी शेवटच्या संध्याकाळी वीज गेली, टॉवर गेला. नवरा मोटारसायकलवर तिला घेऊन तालुक्याला गेला, रेनकोटच्या आत छातीशी धरलेली फाइल घेऊन, आणि रात्री साडेआठला अर्ज गेला.

धाकट्याच्या वेळी मूळ कागद दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, एकात एक, आणि प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स वेगळ्या पिशवीत. स्कॅन केलेल्या प्रती त्याच्या आणि माझ्या अशा दोघांच्या फोनमध्ये. शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो, तो एका कॉलेजात दिला की दुसरीकडे जाताना परत मिळवावा लागतो, म्हणून शेवटपर्यंत हातात ठेवा. वसतिगृहात सोडायला गेलो तेव्हा त्याने ती पिशवी माझ्या हातातून घेतली, पाऊस बघितला आणि शर्टाच्या आत घातली.